उभ्या फरशा

गंगाधामचा चौक ओलांडून कोंढव्याच्या दिशेनं चढ लागला की दोन्ही हातांना टाइल्सची दुकानं सुरू होतात. त्यातल्या एका मोठ्या, गारेगार एसीच्या दुकानात आम्ही हॉलची फरशी बघायला गेलो होतो. मी, लेक आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई. दुकानातला मुलगा चुणचुणीत होता. सरकत्या चौकटी एकामागून एक ओढून दाखवत होता. चार बाय दोनच्या, पाच बाय अडीचच्या टाइल्स, सगळ्या भिंतीला उभ्या, वरून दिव्यांचा झोत. लेक मोबाइलवर फोटो काढत होती. आई थोडा वेळ मान वर करून बघत राहिल्या, मग खाली एका कोपऱ्यात नमुन्यादाखल मांडलेल्या चार टाइल्स त्यांना दिसल्या. त्यांनी चप्पल काढली, भिंतीचा आधार घेतला आणि उजवं पाऊल त्यातल्या एकीवर ठेवलं. "आजी, पाय नका देऊ, डिस्प्लेचा पीस आहे," मुलगा म्हणाला. अगदी अदबीनं म्हणाला, हे सांगायलाच हवं. आईंनी पाऊल मागे घेतलं, चप्पल घातली आणि पुढची सगळी दुकानदारी खुर्चीत बसून पाहिली. परत येताना रिक्षात मात्र म्हणाल्या, "अगं, मग फरशी बघायची तरी कशी?"

तो प्रश्न मला काही सोडेना.

कारण खरंच, त्या दुकानात फरशी बघण्याची जी काही सोय होती ती सगळी डोळ्यांसाठी होती. जी गोष्ट पुढची वीस-पंचवीस वर्षं आमच्या पायांखाली आडवी पडणार, ती उभी करून, झळाळत्या उजेडात, पाच फुटांवरून दाखवत होते. नावंही तशीच. स्टॅच्युअरिओ, ओनिक्स, बोट्टिचिनो, कॅलाकाटा. बहुतेक इटलीतल्या दगडांची नावं, आणि माल सगळा मोरबीचा. गुजरातमधलं हे गाव एकेकाळी कौलं आणि भिंतीवरची घड्याळं यांसाठी माहीत होतं. मच्छू धरण फुटलं ते १९७९ साल ज्यांना आठवतं, त्यांना ते वेगळ्याच कारणानं ठाऊक. आज देशातल्या बहुतांश टाइल्स तिथल्या भट्ट्यांतून निघतात. माती, फेल्डस्पार, क्वार्ट्‌झ दळून, प्रचंड दाबाखाली दाबून बाराशे अंशांच्या आसपास भाजलं की माती जवळजवळ काचेसारखी होते, पाणी अर्धा टक्कासुद्धा पीत नाही. हीच ती व्हिट्रिफाइड. तिच्या अंगावर छपाईयंत्र संगमरवराचा फोटो छापतं आणि वर काचेचा लेप बसतो. मुलगा कौतुकानं सांगत होता, "मॅडम, एका डिझाइनचे चार फेस येतात, रँडम." म्हणजे चार वेगवेगळे फोटो. पाचव्या टाइलपासून पुन्हा तेच. त्यांच्याच दुकानाच्या जमिनीवर मी पाहिलं: पांढऱ्यावर एक करडी शीर, मधेच इंग्रजी वायसारखी फाटा फुटलेली. दोन पावलं पुढे तीच शीर, तोच फाटा. एकदा दिसलं की मग दिसतच राहतं. दगडात भेग पडायला लाखो वर्षं लागतात आणि तिची नक्कल दर चौथ्या टाइलला.

शेवटी त्यानं टॅबवर आमच्या हॉलचा फोटो घेऊन त्यात ती टाइल बसवून दाखवली. तशी सोय असते आता. चित्रात करडा सोफा, पितळी कुंडीत मोठ्या पानांचं झाड, खिडकीतून तिरका उजेड आणि माणूस एकही नाही. आमच्या हॉलमध्ये माणूस नाही असा क्षण मी लग्न झाल्यापासून क्वचितच पाहिलाय.

आमचा फ्लॅट ऐंशीच्या दशकातल्या सोसायटीतला. तेव्हा पुण्यात बांधलेल्या सोसायट्यांत असते तशीच मोझॅकची फरशी, दहा इंची, पिवळसर पांढरी, तिच्यात काळे, हिरवे, विटकरी खडे. व्हेनिसच्या कारागिरांनी संगमरवराच्या टाकाऊ तुकड्यांतून जमिनी करायला घेतल्या, तिथून हा प्रकार जगभर गेला म्हणतात. आपल्याकडे सिमेंटच्या फरशीला स्वदेशीचंही अंग आहे. परदेशी फरशीला तोडीस तोड म्हणून मुंबईच्या सिधवा कुटुंबानं 'भारत' नावाची फरशांची कंपनी काढली ती १९२२ मध्ये. पुढे गावोगावी लहान कारखाने झाले. साच्यात आधी खडे आणि सिमेंटचा पाच-सहा मिलिमीटरचा थर, त्यावर साध्या मालाचा जाड थर, वरून प्रेसचा दाब, आणि मग पाण्याच्या हौदात मुक्काम. भट्टी नाहीच. ती फरशी कच्च्या अंगानंच घरात येई आणि बसवल्यावर घासून घासून गुळगुळीत केली जाई. त्यामुळे सांधा असा हाताला लागतच नाही. माझी लेक रांगत होती तेव्हा त्या खड्यांतून प्राणी शोधायची. खिडकीजवळच्या फरशीतला हत्ती मलाही दिसायचा, सोंडेच्या जागी हिरवा खडा असलेला. नवऱ्याला त्याच जागी लहानपणी म्हणे बस दिसायची.

तिच्यावरच्या खुणा मला घरातल्या माणसांइतक्या पाठ आहेत. लोखंडी कपाटाच्या पायांचे गंजाचे चार गोल. दारामागे नारळ फोडायची जागा, जिथे दोन फरशांचे कोपरे उडालेत. (पायरीवर फोडा म्हणून आईंनी किती वेळा बजावलं असेल, पण पावसात कोण जाणार बाहेर.) आणि सगळ्यात डोळ्यांत भरणारा तो पट्टा. गॅलरी हॉलमध्ये घेतली तेव्हा मधली भिंत पाडली आणि त्या जागी मिळेल त्या मोझॅकचे तुकडे बसवले. रंग जुळला नाही. तेव्हापासून आमच्या हॉलला एक सरहद्द आहे, पाहुणे नकळत तिच्या अलीकडेच बसतात.

पण माझी स्वतःची फरशी ही नव्हे. माझी शहाबादी. वडील रेल्वेत, सोलापूरला क्वार्टर. दोन खोल्या, पडवी आणि मागे मोरी, सगळीकडे शहाबादी फरशी, राखी-निळसर, पॉलिशचा पत्ता नाही. पडवीत ती इतकी खडबडीत की सागरगोटे खेळून बोटांची टोकं सोलायची. मे महिन्यात संध्याकाळी माझी आई तिच्यावर बादलीभर पाणी ओतायची आणि दगडातून एक वास उठायचा, ओला, किंचित चुन्याचा. पहिल्या पावसाच्या वासाचं सगळे कौतुक करतात; माझ्यासाठी उन्हाळा संपण्याची वाट बघणं म्हणजे तो पडवीचा वास. वडिलांबरोबर कर्नाटकातल्या वाडी जंक्शनच्या बाजूला गाडीनं जायचो तेव्हा शहाबाद स्टेशनच्या आसपास रुळांकडेला फरशांच्या चळती उभ्या दिसायच्या. सोलापुरातली अर्धी घरं इथूनच आलीत, असं वडील सांगायचे, आणि मला ते शब्दशः खरं वाटायचं. त्यात तथ्यही आहे. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण थंड झालेल्या लाव्ह्याचा. भिंतीला, पायाला, जात्याला उत्तम. पण त्याचे सरळ पापुद्रे निघत नाहीत. भीमेच्या खोऱ्यातला तो चुनखडीचा दगड मात्र थरावर थर बसून झालेला, छिन्नी-हातोडीनं थर सुटतो आणि फरशी आयतीच हातात येते. मुंबईहून निघालेली लोहमार्गाची लाईन १८७१ मध्ये रायचूरला पोहोचली, शहाबाद वाटेतच. मग दगडाला पाय फुटले. शेणानं सारवलेल्या भुईवर वाढलेल्या घरांत तो येऊन बसला, आधी मोरीत, मग स्वयंपाकघरात. त्याच पट्ट्यातली चुनखडी भाजून वाडीला सिमेंट होतं. म्हणजे काही दगड फरशी झाला आणि काही दळून-भाजून दुसऱ्या फरशीखालचा माल.

उन्हाळ्यात आम्ही भावंडं त्या शहाबादीवर नुसती आडवी व्हायचो. खाली चटई नाही, काही नाही. अंगाखालची जागा तापली की कुशीवर वळायचं, तीही तापली की सरकायचं, आणि गार जागेसाठी भांडणं. सोलापुरी चादरी फक्त पहाटे लागत. दगड गार लागतो म्हणजे तो गार असतो असं नाही, हे शाळेत कधीतरी कळलं. लाकडी पाट आणि फरशी एकाच खोलीत, एकाच तापमानाला असतात. दगड अंगातली ऊब झटकन ओढून घेतो, लाकूड घेत नाही, एवढंच. हे कळल्यावर मला उगाच दगडाबद्दल जास्त आपलेपणा वाटला. तो आपल्याकडून काहीतरी घेत असतो. पण आईंचे गुडघे हे शास्त्र उलट बाजूनं सांगतात. डिसेंबर-जानेवारीत सकाळी मोझॅकवर पाय टेकवला की त्यांच्या तोंडून "आई गं" येतंच. मुलीच्या पिढीला जो गारवा हवासा वाटतो तोच आईंच्या पिढीला बोचतो, आणि मी दोघींच्या मधे मोजे घालून उभी.

म्हणून लाकडी फ्लोअरिंगचा विचारही झाला. खरं लाकूड परवडणारं नव्हतं, लॅमिनेटवर पोछा चालत नाही, आणि पुण्याच्या पावसाळ्यात गॅलरीच्या बाजूनं जे पाणी आत येतं ते कोणत्याच जाहिरातीत नसतं. खरा संगमरवर मी एका वाक्यात निकालात काढला. ज्या घरात चैत्रगौरीला आंब्याची डाळ, पन्हं आणि पन्नास बायका असतात, त्या घरात संगमरवर नको. लिंबू सांडलं की त्यावर पांढुरका डाग उमटतो, आम्लानं दगडच खाल्ला जातो. हळद-कुंकू तर विचारूच नका.

घरातला प्रत्येक जण आपापल्या अवयवानं विचार करत होता. लेकीला डोळ्यांचं: सांधे दिसायला नकोत, सलग पांढरं हवं, खोली मोठी वाटायला हवी. नवऱ्याला खिशाचं. ज्यांचा हात त्या जमिनीवर रोज फिरतो त्या मावशींना मात्र कोणी विचारलंच नव्हतं. मी विचारलं तेव्हा त्यांनी पोछा बादलीच्या काठाला टेकवला आणि घडाघडा सांगितलं. "ताई, पांढरी घेऊ नका, एकेक केस दिसतो. काळी तर अजिबात नको, वाळल्यावर पाण्याचे वण दिसतात. आणि चकचकीत घेतली तर मी पुसल्यावर पंधरा मिनिटं आजींना उठू द्यायचं नाही. 'बी' विंगमध्ये आहे तसली. मी स्वतः दोनदा पडले." त्या रोज सात घरच्या जमिनी पुसतात. सात प्रकारच्या फरश्यांचा असा अनुभव त्या दुकानातल्या कुणाकडे असेल असं मला वाटत नाही.

फरशी सरकते किती, याची मोजदादही असते. दुकानातला मुलगा 'आर नाइन', 'आर टेन' म्हणत होता ती तीच. जर्मन पद्धत आहे. तेल टाकलेल्या उतरत्या फळीवर माणूस चालवतात, उतार वाढवत नेतात आणि तो कुठे घसरायला लागतो ते बघतात. आर नऊ म्हणजे सगळ्यात कमी पकड, तेरा म्हणजे सगळ्यात जास्त. हे वाचताना मला एक गोष्ट सापडली आणि मी स्वयंपाकघरातून मोठ्यानं ओरडूनच सांगितली: ही चाचणी बूट घालून घेतात! अनवाणी पायांसाठी वेगळी चाचणी आहे, साबणाच्या पाण्यावरची, ए-बी-सी अशी वर्गवारी असलेली, आणि ती पोहण्याचे तलाव, न्हाणीघरं यांसाठी वापरतात. चपला दाराबाहेर काढून आत येणाऱ्या आपल्या घरांच्या हॉलसाठी कोणी ती विचारत नाही. फरशीवर पाऊल ठेवून बघणाऱ्या आई त्या दुकानातल्या सगळ्यात शास्त्रीय ग्राहक होत्या.

खरं सांगायचं तर माझा जीव मोझॅक ठेवण्यात होता. आजकाल तरुण आर्किटेक्ट त्याला टेराझो म्हणतात आणि नव्या कॅफेंमधून मुद्दाम घालतात, तेव्हा आपल्या घरी आहे ते का उपटायचं? पॉलिशवाल्याला बोलावलं. वयस्कर गृहस्थ होते, राजस्थानातले, चाळीस वर्षं पुण्यात, मराठी माझ्यापेक्षा खणखणीत. खोलीत शिरल्या शिरल्या ते उकिडवे बसले आणि तळवा फरशीवर फिरवला. मग खिशातून नाणं काढून फरशांवर टिचक्या मारत निम्मा हॉल पालथा घातला. कुठे ठण्ण, कुठे बद्द. "इथं खाली पोकळ झालंय, इथंही. घासायला लागलो तर हलेल." बाकी होईल म्हणाले: आधी जाड दगड, मग बारीक, मग त्याहून बारीक, मधे भोकं सिमेंटनं भरायची, शेवटी पावडर मारून चमक. चार दिवस घरात पांढरा राडा, भिंतींवर हातभर शिंतोडे, नंतर महिनाभर कपाटातूनही भुकटी निघणार. "पण हा पट्टा जुळणार नाही. तो दुसऱ्या कारखान्याचा. चमकेल, पण वेगळाच चमकेल." खड्यांचं वय, सिमेंटचा रंग, सगळं ते बोटानं दाखवत होते. मी ऐकत होते आणि मनात पक्कं होत चाललं होतं की पट्टा राहू दे, पोकळ आहेत तेवढ्या बदलू, बाकी घासून घेऊ.

आई खुर्चीतून म्हणाल्या, "नको."

आम्ही सगळे धरून चाललो होतो की मोझॅकवर खरा जीव त्यांचा. नवरा तर मला दोनदा म्हणाला होता, आईला वाईट वाटेल, जपून बोल. त्या म्हणाल्या, "ही फरशी मी गुडघ्यावर बसून पुसलीय. तेव्हा कुठे होते तुमचे दांड्याचे पोछे. सकाळी एकदा, पाहुणे येऊन गेले की एकदा. ह्यांना धूळ चालायची नाही. खडे कसले मोजता, मला ह्यातला प्रत्येक डाग माहितीय, निघेना म्हणून रडलेय मी. आता पुरे झाली ती." आवाज चढवला नाही, कडवटपणाही नव्हता; भाजी नको म्हणावं तशा म्हणाल्या. पॉलिशवाले बाबा हसले आणि चहा घेऊन, एक पैसा न घेता गेले. माझा हत्ती, नवऱ्याची बस आणि आईंचे गुडघे, तिन्ही एकाच खिडकीजवळच्या चार फरशांवर, आणि त्यातलं सगळ्यात जड काय ते उघडच होतं.

मला राग आला का? थोडा. माझा जुनं जपण्याचा हौसेचा डाव त्यांनी एका 'नको'त उधळला म्हणून. शिवाय जे मी जपायला निघाले होते ते मी फारसं पुसलेलंच नव्हतं. माझ्या वेळेला मावशी आल्या होत्या.

मग आम्ही दुसऱ्या दुकानात गेलो, लहान, बिनएसीच्या, जिथले मालक म्हणाले, सुट्टे पीस घरी न्या, बघा, आवडले नाहीत तर परत आणा. तीन-चार पीस डिकीत घातले. मॅट, सॅटिन, एक खडबडीत आणि लेकीच्या आग्रहानं एक पांढरा चकचकीत. हॉलमध्ये मांडले आणि आठवडाभर घरात येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांनी त्यांच्यावरून चालायचं असा हुकूम काढला. आम्ही त्यांच्यावर पाणी ओतलं, गोडेतेल चोळलं, हळदीचं बोट रात्रभर ठेवलं. मावशींनी पुसून बघितलं आणि खडबडीत पीस नापास केला, फडकं अडकतं म्हणून. चकचकीत पीसवर लेकीनं शुक्रवारी रांगोळी काढायला घेतली. मोझॅकवर चिमटीतून सुटलेली रेघ जिथल्या तिथे बसते. इथे ती काचेवर पडल्यासारखी पांगली, पंख्याच्या वाऱ्यानं तिला मिशा फुटल्या. लेकीनं काही न बोलता तो पीस भिंतीला टेकवून ठेवला, उभा. उभा तो खरंच सुंदर दिसत होता. आई रोज सकाळी चहाआधी मॅट आणि सॅटिनवर आळीपाळीनं उभ्या राहायच्या, अनवाणी, कपाळाला आठ्या घालून. शेवटी मॅटची निवड झाली. रंग बिस्किटी, त्यात अगदी बारीक करडे ठिपके. लेकीच्या मते कंटाळवाणा, मावशींच्या मते धूळ पोटात घालणारा. गारवा? तो काही गेला नाही, भाजलेली मातीही ऊब ओढतेच; त्यावर आईंच्या खुर्चीपुढे सतरंजी हा तोडगा निघाला.

पुढचं सगळं मिस्त्रींच्या हातात. जुनी न उखडता वरूनच चिकटवू म्हणाले, त्यात राडारोडा नाही, सोसायटीची कटकट नाही. पण मग जमीन वर येणार, दारं खालून तासावी लागणार, आणि खाली पोकळ असलेल्यावर नवं चिकटवण्यात काय अर्थ? उखडायचीच ठरली. दोन मिलिमीटरची फट सोडा, अगदी भिडवू नका, असं मी मिस्त्रींना बजावलं, कारण न सोडलेल्या फटीची फरशी एका सकाळी मधेच तंबू होऊन उठते हे मी शेजारी पाहिलंय. लेकीला सांधेच नको होते. तिचं आणि मिस्त्रींचं या दोन मिलिमीटरवर बराच वेळ चाललं. ते जिंकले.

आता वाद आहे तो जास्तीच्या पेट्यांचा. दुकानदार म्हणाले, दोन पेट्या जास्त घ्या, या बॅचची छटा पुन्हा मिळणार नाही, उद्या एखादी फुटली तर काय कराल? आमच्या त्या पट्ट्याकडे बघता बरोबरच आहे. पेटी उचलायला दोन माणसं लागतात. माळ्यावर चढवायच्या तर माळा पेलेल का, हा नवऱ्याचा प्रश्न. दिवाणाखाली ठेवू, असं लेक म्हणते. तिथे आईंचे पाट आणि चौरंग आहेत आणि ते हलवायचे नाहीत असा आईंचा निर्वाळा. माळ्यावर बघायला नवरा शिडीवर चढला तर मागच्या कोपऱ्यात वर्तमानपत्रात बांधलेलं मोझॅकच्या फरशांचं एक बोचकं सापडलं, सासऱ्यांनी राखून ठेवलेलं. पट्टा बसवताना ते कुणालाच आठवलं नव्हतं. "अहो, खाली आणा ते," मी म्हणाले. "राहू दे तिथंच," आई म्हणाल्या. नवरा अजून शिडीवरच होता.